सांगोल्यात फुटलेल्या भाकऱ्यांचा खुलासा

भवानी पेठ, सोलापूर
मंगळवार, जेवणं उरकल्यावर

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे वेणीमाधवचा, साष्टांग नमस्कार.

आपली प्रकृती मध्यम असावी असं धरून चालतो. ती बिघडली असती तर अक्काचा फोन आला असता, आणि फार चांगली असती तर आपला. दोन्ही आले नाहीत. गुडघ्याला ऊन घेत असालच. डाळिंबाची छाटणी वेळेत झाली हे ऐकून समाधान वाटलं. चि. चेतना लग्नाच्या खरेदीत आणि चि. अनिमेष बेंगळुरूच्या नोकरीत रमले असतील, दोघांना आशीर्वाद. आमच्याकडे सगळं क्षेम आहे. मालती माझ्याशी कामापुरतं बोलते.

पत्र कशाला, असं आपण म्हणाल. फोन करता आला असता, पण आपला फोन कायम स्पीकरवर असतो आणि त्याच्यासमोर कायम चार माणसं बसलेली असतात. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण तिथं आपण वाचत नाही, फक्त फुलं पाठवता. (फुलं रोज मिळतात. आभारी आहे.)

सर्वप्रथम एक गाऱ्हाणं नोंदवतो. संक्रांतीपासून मी आमच्या पिकअपमध्ये मागे टेकून बसू शकलेलो नाही. पिकअपची सीट ही मुळातच टेकण्यासाठी केलेली नसते, हे मला मान्य आहे. पण पूर्वी तिच्या पाठीमागे चार बोटं मोकळी जागा होती आणि त्या चार बोटांवर माझं उतारवयातलं सगळं सुख उभं होतं. पाठ जराशी कलायची, डोकं खिडकीच्या कडेला लागायचं, आणि अक्कलकोट येईपर्यंत माझी एक झोप होऊन जायची. आता त्या जागेत लाकडी खोका आहे आणि मी काटकोनात बसतो. पासपोर्टच्या फोटोला बसलेल्या माणसासारखा समोर बघत मी अख्ख्या सोलापुरातून जातो. ओळखीची माणसं हात करतात, मला मान वळवता येत नाही, आणि ती म्हणतात, बायकोचा धंदा चालायला लागला तसा हा बदलला. आरसा थरथरतो, त्यामुळे त्यात मला माझ्या दोन मिशा दिसतात आणि मागच्या रिक्षाला सहा चाकं. शाळेच्या कचेरीत मी सगळी नोकरी एका लाकडी खुर्चीवर काढली. शिक्षण खात्याची खुर्ची होती, पण तिलाही पाठ होती.

ही बाब किरकोळ आहे, म्हणून आधी लिहून टाकली. मोठी बाब चंद्रव्वाची.

चंद्रव्वा आपल्याला माहीतच आहे. मालतीच्या कडक भाकरीच्या कामातली सर्वांत जुनी बाई. कपाळाला आडवी विभूती, बोलणं निम्मं मराठी निम्मं कानडी, आणि रागावली की दोन्ही बंद. आपण चेतनाच्या साखरपुड्यात भर पंगतीत तिच्याकडे बघून जे एक वाक्य बोललात, त्यानंतर ती आमच्याकडे भाकरी थापायला आलेली नाही. बाकीच्या बायका येतात, भाकरी होते. पण चंद्रव्वाची भाकरी पापडाइतकी पातळ, महिनाभर टिकणारी, आणि उजेडाला धरली तर पलीकडे कोण उभं आहे ते ओळखू यावं अशी. अक्कलकोटच्या एका भक्तनिवासाला वर्षभर भाकरी द्यायची बोलणी चालू आहेत, आणि त्यांनी नमुना म्हणून पाहिली ती तिच्याच हातची. ती नसेल तर ते काम जातं, आणि ते गेलं तर मालतीने मागच्या अंगणात घातलेल्या नव्या चुली नुसत्या शोभेच्या. म्हणून त्या दिवशी आपल्या घरी सांगोल्यात भाकऱ्यांचा चुरा का झाला, याचा खुलासा आपल्यापुढे ठेवणं माझं कर्तव्य आहे. खुलाशात कोणालाही दोष द्यायचा नाही असं मी मालतीला वचन दिलं आहे. आपण तो शेवटपर्यंत वाचाल आणि मध्येच अक्काला हाक मारणार नाही, अशी खात्री बाळगतो.

प्रकरणाची सुरुवात आपल्या औदार्यापासून होते. दिवाळीत आम्ही आलो होतो तेव्हा आपण गोठ्याशेजारच्या खोलीतून पोत्यात गुंडाळलेली एक जड वस्तू बाहेर काढलीत आणि म्हणालात, "मेव्हणे, अनिमेषच्या जीपमधला वूफर आहे. जीप विकली, हा ठेवला. न्या, पिकअपला लावा." अक्काच्या लग्नापासून आपल्या दोन घरांमध्ये वस्तूंची जी ये-जा चालू आहे, तिच्यात आपल्या घरून आमच्या घराकडे निघालेली ही पहिलीच वस्तू होती. (अक्काही जमेस धरता येत नाही, ती आमच्याकडून आपल्याकडे आली.) अशी वस्तू नाकारणं म्हणजे इतिहासाच्या आड येणं. मी पोत्यासकट छातीशी धरली आणि पिकअपपर्यंत नेली. कंबर अजून दुखते.

वूफर म्हणजे काय हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बारा इंची काळी परात, मध्यभागी पालथी वाटी, आणि पाठीमागे जात्याच्या पाळीसारखं जड लोहचुंबक. तो स्वतः गाणं म्हणत नाही. गाणं बाकीचे लहान स्पीकर म्हणतात; हा मागे बसून नुसता हुंकार भरतो, आणि सगळ्यांना वाटतं की कार्यक्रम याच्यामुळे चालला आहे. हे कळल्यावर मला घराण्यातल्या कोणाची आठवण झाली ते लिहीत नाही.

मी तो माळ्यावर ठेवणार होतो. पण दर रविवारी आपला फोन, "लावला का?" मी सांगितलं, धनुर्मास लागलाय, लोखंडाचं काम नको. आपण म्हणालात, मग संक्रांतीनंतर लावा, पण चेतनाच्या साखरपुड्याला गाडी वाजत आली पाहिजे. एवढ्या प्रेमापुढे धनुर्मास कितीसा टिकणार?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नंदीशचं गाड्या सजवायचं दुकान आहे. सीटची कव्हरं, रंगीत दिवे, मागच्या काचेवर आईवडिलांचे आशीर्वाद, सगळं तिथं मिळतं. त्याने वूफर हातात घेतला, उलटा केला, पालथ्या वाटीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "चीज चांगली हाय मालक. पर फुकट मिळालीय ती घंटा. म्हैस घ्यायचीय अजून." म्हैस म्हणजे खोका, अँप्लिफायर, जाड वायर, फ्यूज आणि त्याची मजुरी. मी माझं बजेट सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

मग आम्ही काटकसरीने सुरुवात केली. खोका सुताराकडे उरलेल्या प्लायचा झाला. ते कोणाच्या तरी स्वयंपाकघराच्या कामातून उरलेलं होतं, त्यामुळे खोक्याच्या एका अंगाला संगमरवर आहे आणि दुसऱ्या अंगाला सफरचंदं. आत कापूस भरला की आवाज गोल होतो म्हणे; तो कापूस माझ्या गादीतून काढला. (आता पाठीला दिवसा खोका आहे आणि रात्री फरशी.) अँप्लिफायर एका मोडलेल्या बँड पथकाच्या हातगाडीवरचा मिळाला. तो आयुष्यभर लग्नांत राबलेला असल्यामुळे त्याला हळू वाजणं माहीत नाही. एक बंद, आणि दुसरी वरात, अशा दोनच अवस्था त्याला येतात. जाड वायर परवडेना म्हणून दोन बारीक वायरी एकमेकींना पीळ घालून बॅटरीपासून आत आणल्या. फ्यूजवर वाचवूया असं मी सुचवलं होतं, तेव्हा नंदीश म्हणाला, "फ्यूज नको आसंल तर विमा घ्या." मग फ्यूज घेतला. जाता जाता त्याने एक गोष्ट बजावली: खोका केबिनच्या मागच्या पत्र्याला करकचून आवळायचा, सैल राहिला तर खडखडतो. आम्ही तो चार बोल्टांनी असा आवळला की खोका, पत्रा आणि पत्र्यापलीकडचा हौदा हे सगळं एक अंग झालं. आमच्या भाकरीच्या दुरड्या हौद्यात त्याच पत्र्याला टेकवून लावलेल्या असतात, म्हणजे वाटेत घसरत नाहीत. ही व्यवस्था मीच सुचवलेली होती आणि तिचा मला अभिमान होता.

साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी काम संपलं आणि आम्ही रिकामी गाडी शहराबाहेर नेऊन वाजवून पाहिली. गाडी चालवणारा बसप्पा, आपण त्याला ओळखता. तो देवाच्या कानडी भजनांपलीकडे काही लावत नाही. त्याने भजनच लावलं. प्रत्येक ठोक्याला गाडीचे पुढचे दिवे मिचकायला लागले, कारण वीज जेवढी होती तेवढी आपला वूफर जेवत होता. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. आम्ही काहीतरी गंभीर इशारा देतोय अशी त्याची समजूत झाली. त्याने ट्रॅक्टर रस्त्याखाली उतरवला आणि आम्ही जाईपर्यंत हात जोडून बसला. बसप्पाचे डोळे भरून आले होते. "मालक," तो म्हणाला, "देव छातीत बसून मुरदंग वाजिवतोय की." हॉर्न त्या दिवसापासून ऐकू येत नाही. बसप्पा म्हणतो आता गरज नाही.

आता साखरपुड्याचा दिवस. पुण्याच्या व्याह्यांना अस्सल इकडचं जेवण घालायचं असं आपण ठरवलं होतंत: आमटी, शेंगाचटणी, आणि प्रत्येक पानावर एक अख्खी कडक भाकरी, उभी. उभी हा खास आपला आग्रह. तिला टेकू म्हणून भाताची मूद असा नकाशाही आपण काढून पाठवला होता. मालतीने हळूच म्हटलं की शेवटी ती आमटीत चुरूनच खायची असते. त्यावर आपण म्हणालात, चुरण्याचा मान पाहुण्यांचा. हे चंद्रव्वाला फार पटलं. दाजीसायबांच्या लेकीचं कार्य म्हणून तिने त्या दिवशीच्या सगळ्या भाकऱ्या एकटीने थापल्या, बरोबर थापणाऱ्या नीलम्माला चुलीजवळ येऊ दिलं नाही.

मी पहाटेच्या एसटीने पुढे आलो होतो. पिकअपमध्ये बसप्पा, मालती आणि चंद्रव्वा. मालतीची अर्धशिशी उठलेली, त्यामुळे वाटेत वूफर बंद. मंगळवेढ्याला चहाला थांबले तेव्हा चंद्रव्वाने चहा बाजूला ठेवून प्रत्येक दुरडीवरचं फडकं उचलून पाहिलं, आणि मालतीनेही. एकही तडकलेली नव्हती. गाडी आपल्या दारात आली, बायका चेतनाला बघायला आत गेल्या, आणि आपण व्याह्यांना हाताला धरून बाहेर आलात. पुढचं मी मांडवाच्या खांबाशी उभं राहून पाहिलं आहे, तरी जसं पाहिलं तसंच लिहितो. आपण केबिनमध्ये चढलात. बसप्पाने विचारलं, "सायेब, आदी भाकरी उतरून घेऊ का?" आपण म्हणालात, "भाकरी कुठं पळून जाते?" मग आपण बटण शेवटपर्यंत फिरवलंत. मांडवाची झालर हलली, गोठ्यातली जर्सी उभी राहिली, आणि व्याह्यांनी दोन्ही कानांना हात लावले. आपण ते कौतुक समजलात आणि दुसरं गाणं लावलंत. व्याह्यांचे धाकटे बंधू मोबाइलवर व्हिडिओ काढत होते, म्हणून तिसरं.

त्यानंतर पंगत बसली, दुरड्या उघडल्या, आणि आत भाकरी नव्हती. चुरा होता. वरच्या दुरडीत मोठा, खालच्या दुरडीत बारीक, अगदी तळाला पुन्हा ज्वारीचं पीठ. वाढप्यांनी तो वाटीने वाढला. वास्तविक इथं बिघडलेलं काहीच नव्हतं. हा पदार्थ असाच असतो अशी व्याह्यांची समजूत झाली आणि त्यांनी दोनदा मागून घेतला. विहीणबाईंनी तो सकाळी दुधात घालूनही चांगला लागेल असं मत दिलं. आपण गप्प राहिला असतात तर आजतागायत पुण्यात कोणाला काही कळलं नसतं. पण आपण चंद्रव्वाला आतून बोलावून घेतलंत आणि पंगतीत उभं करून म्हणालात, "म्हातारीचा हात गेला. हिला आता भाकरीला बसवू नका."

तिने पदराला हात पुसले, आत जाऊन चेतनाची दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली, आणि पिकअप दारात उभी असताना चालत स्टँडवर जाऊन एसटीने परत गेली. परतीच्या वाटेवर मालती मला एवढंच म्हणाली, "तुम्ही तिथं होता." मी म्हटलं, तोंडात घास होता. ती म्हणाली, "गिळायचा की." तेव्हापासून कामापुरतं बोलणं चालू आहे.

दुसऱ्या दिवशी चंद्रव्वा आली नाही. ती मुलीकडे अक्कलकोटला गेल्याचं कळलं, म्हणून मालती तिकडे जाऊन आली. म्हणाली, "चंद्रव्वा, कोण काय बोललं ते सोडा की." चंद्रव्वा म्हणाली, "सोडलं की. भाकरी बी सोडली." मालतीने आणखी लावून धरलं. तेव्हा तिने सांगितलं, "दाजीसायब शिकलेले मानूस. धा जणांत बोलले म्हंजे आसंल तसं. ज्येनं म्हटलं त्येनंच न्हाय म्हनू दे, मग बगू." त्याच आठवड्यात विहीणबाईंचा पुण्याहून फोन आला, की तो बारीक केलेला प्रकार पाच किलो पाठवाल का. मालती म्हणाली, आम्ही चुरा विकत नाही. ही बातमी कोणी तरी अक्कलकोटला पोचवली, आणि चंद्रव्वा मुलीला म्हणाली म्हणे, "बग, आता फुटकी मागायला लागले."

इकडे नीलम्माच्या भाकऱ्याही फुटायला लागल्या. घरून अख्ख्या निघायच्या आणि अक्कलकोटला तुकडे पोचायचे. नीलम्माने रस्त्याला दोष दिला. मालतीने ज्वारीला दिला आणि व्यापाऱ्याशी भांडून पोतं बदलून आणलं. बसप्पाने दृष्ट लागलीय म्हणून हौद्याला लिंबूमिरची आणि बिब्बा बांधला. पुढच्या खेपेला भाकऱ्या फुटल्याच, लिंबू अख्खं पोचलं. मी हवामानाला दोष दिला, कारण ते उलट बोलत नाही. वूफरवर कोणाचाच संशय नव्हता. घरच्या जावयाने दिलेल्या वस्तूवर संशय घ्यायची आमच्या घरात पद्धत नाही.

उलगडा माझ्या पाठीमुळे झाला. एका खेपेला मला काटकोन सोसेना, म्हणून मी केबिन सोडून हौद्यात दुरड्यांशेजारी चवाळं अंथरून आडवा झालो. वळसंग मागे पडल्यावर बसप्पाने भजन लावलं. थोड्या वेळाने मला दुरडीत उंदीर असल्यासारखी कुरकुर ऐकू आली. फडकं उचललं. सगळ्यात वरची भाकरी, जिला कोणी हात लावला नव्हता, माझ्या डोळ्यांदेखत या काठापासून त्या काठापर्यंत तडकली. पुढचा ठोका आला आणि तिच्याखालची तडकली. मी उठून केबिनच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी थापा मारायला लागलो. बसप्पाला वाटलं, बेस सुधारला. त्याने आवाज वाढवला. मी जोरात मारल्या. तो मान डोलवायला लागला हे मला मागच्या काचेतून दिसत होतं. अक्कलकोटच्या वेशीवर उतरून तो मला म्हणाला, "मालक, आज लईच जमलं बगा."

खात्री करावी म्हणून आम्ही नंदीशकडे गेलो. त्याने एक अख्खी भाकरी खोक्यावर ठेवली, बटण फिरवलं, आणि आम्ही तिघं बघत असताना तिच्या ठिकऱ्या झाल्या. नंदीशचा चेहरा उजळला. "बजेटच्या मानानं दणका हाय की," तो म्हणाला. बसप्पाने मात्र बटण बंद केलं. मग म्हणाला, "म्हंजे सांगोल्यात सायबांनीच..." मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. पहिल्या गाण्यावर थांबले असते तर अर्ध्या वाचल्या असत्या, असं त्याचं मत आहे. माझं काही मत नाही.

तात्पर्य, या सगळ्यात आपला काहीही दोष नाही. वूफर आपला, तो लावण्याचा आग्रह आपला, भाकरी न उतरवण्याचा निर्णय आपला, बटणावरची बोटं आपली आणि पंगतीतलं वाक्यही आपलं, एवढ्याशावरून कोणी आपल्याला दोष देत असेल तर तो फार कोत्या मनाचा माणूस असला पाहिजे. मी तसा नाही. मी फक्त खुलासा केला. आपण योग्य ते करालच.

अक्काला नमस्कार, चेतनाला आशीर्वाद, जर्सीची चौकशी.

आपला आज्ञाधारक मेव्हणा
वेणीमाधव

ता. क. वूफर पोत्यात गुंडाळून या पत्राबरोबर बसप्पाच्या हाती परत पाठवला आहे. पोतं आपलंच आहे. आपल्याकडून निघालेली पहिली वस्तू आपल्याकडेच असावी, असं मालतीचंही मत पडलं. बसप्पाला जेवू घालावं. गाडीतून वूफर काढल्यापासून तो घरचं कोणी गेल्यासारखं करतो आहे.

ता. क. दुसरा. वरचं पत्र गेल्या मंगळवारी लिहिलेलं आहे. ते पाठवलं की आपण वाचाल, विचारात पडाल आणि चंद्रव्वाला फोन करून शब्द मागे घ्याल, असं मला एक संध्याकाळभर वाटत होतं. मग मी अक्काला गुपचूप फोन करून विचारलं की आपण असं पूर्वी कधी केलं आहे का. ती इतका वेळ आठवत राहिली की शेवटी रेंज गेली. म्हणून मी पत्र ठेवून दिलं, गुरुवारी अक्कलकोट गाठलं, आणि आपल्या वतीने माफी मागून आलो.

ती चांगली झाली. आपण म्हणालात, "चंद्रव्वा, हात तुमचा गेला नव्हता, अक्कल माझी गेली होती. भाकऱ्या माझ्या वूफरने फुटल्या." हे सांगताना आपल्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असंही माझ्या तोंडून निघून गेलं. शेजारच्या बायका दारात उभ्या राहून ऐकत होत्या, त्यांनाही बरं वाटलं. त्या भागात आपल्याविषयी आता फार चांगलं बोललं जातं. चंद्रव्वाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दाजीसायब आसं म्हनले? लावा फोन त्येंना. मी बोलते." मी सांगितलं, त्यांचा घसा बसलाय. ती म्हणाली, "कवापरेंत?" मी म्हटलं, रविवारपर्यंत. "मग तवर येते मी कामाला," ती म्हणाली, "आयतवारी इचारते त्येंना." शुक्रवारी सकाळी ती चुलीपुढे हजर होती. या रविवारी तिचं बोलणं व्हायचं होतं, पण आपला घसा आणखी आठ दिवस बसलेलाच असल्याचं मला सांगावं लागलं.

तेव्हा विनंती अशी, की येत्या रविवारी सकाळी तिचा फोन येईल. आपल्याला माफी मागायची नाही. ती मागून झाली आहे. ती फक्त विचारेल, "तुमी म्हनलं ते खरं का?" त्यावर आपण "व्हय" म्हणायचं. पुढे मागे काही जोडायचं नाही. आवाज घोगरा काढता आला तर उत्तम. फोन स्पीकरवर नसावा. "नाही" म्हणालात तर ती त्याच पावली अक्कलकोटला जाईल, भक्तनिवासाची भाकरी जाईल, आणि मालती माझ्याशी कामापुरतंही बोलणार नाही. "व्हय" म्हणणं फारच जड वाटलं तर फोन अक्काकडे द्यावा. तिला मी सगळं सांगितलं आहे, आणि आपल्या घोगऱ्या आवाजाची तिची तयारी दोन दिवसांपासून चालू आहे.

ता. क. तिसरा. सांगोल्याच्या भाकऱ्यांचे पैसे चंद्रव्वाने घेतले नव्हते. आमच्याकडे बायकांचा हिशेब अख्ख्या भाकरीवर असतो, आणि त्या दिवशी एकही अख्खी राहिली नव्हती, म्हणून मालतीने दिले तरी तिने हात पुढे केला नाही. आज सकाळी ती यायच्या आधी मी ते तिच्या पीठ मळायच्या काटवटीखाली ठेवले, सगळ्या भाकऱ्या अख्ख्या धरून. तिने पीठ घ्यायला काटवट उचलली, थोडा वेळ तशीच धरून उभी राहिली, मग पैसे कमरेच्या पिशवीत टाकले आणि मळायला बसली. कोणी ठेवले ते तिने विचारलं नाही. हे मी आपल्या नावावर सांगितलेलं नाही. कोणाच्याच नावावर सांगितलेलं नाही.